निम्मा खुराक

हिंगोली, ता. १४ नोव्हेंबर १९३८

विश्वंभरराव यांस,

वर 'श्री' घातलेला नाही. सुतक फिटलं आहे, घालायला हरकत नव्हती, पण हात गेला नाही.

दहाव्याला तुम्ही आलात आणि कयाधूच्या घाटावरून परस्पर स्टेशनवर गेलात. माझ्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नाही. धाकटी बहीण गेलेल्या माणसाला मी काय बोलणार? पण जाताना माझ्या मुलीला घेऊन गेलात, ते मला न विचारता. आमच्या कोर्टाचा शिपाई लालसिंग स्टेशनवर पार्सल सोडवायला गेला होता, त्यानं प्रेमाला गाडीच्या खिडकीत पाहिलं. मुलगी वाशीमला गेली हे मला शिपायाकडून कळलं.

नदीवर तुम्ही एकच विचारलंत, "दाजी, काय झालं होतं नर्मदेला?" तेव्हा भटजी पिंड मांडत होते. आता सांगतो. तिला मनाचा आजार होता. आषाढात मूल मेलेलं जन्मलं तेव्हापासून तिची झोप गेली होती. डॉक्टरांनी झोपेचं औषध दिलं, ते लागूही पडलं होतं. मध्येच पथ्य मोडलं गेलं आणि दुखणं उलटलं. एक तारखेला दुपारी चारच्या सुमारास झोपेतच गेली. एवढंच आहे.

समाचाराला माणसं येतात. पायरीवर चपला काढता काढता चेहरा पाडतात आणि आत येऊन सगळे तेच म्हणतात, झोपेत गेली, पुण्यवान बाई. काल शेजारच्या रुख्मिणीबाई आल्या. माझ्या थोरल्या बहिणीनं, गंगूताईनं, त्यांना पिठलं-भाकरी वाढली. जेवून झाल्यावर बोटं चाटत म्हणाल्या, "असं मरण मागून भेटत न्हाई, भाऊ. माझ्या सासूनं सा महिने खाट नासवली. तुमची बाई गुणाची, कोनाला तकलीफ दिली न्हाई." मला त्या बोटांची इतकी शिसारी आली की मी उठून मागच्या दारी गेलो.

मला मात्र झोप लागते. नऊला पडतो, सहाला उठतो, मध्ये कूस बदललेली आठवत नाही. हे कोणाला सांगण्यासारखं नाही.

प्रेमाची शाळा बुडते आहे. महिनाअखेर तिला पोचती करा. अकरा वर्षांची मुलगी बापाचं घर असताना मामाकडे राहिली तर लोक काय म्हणतील हे तुम्हाला सांगायला नको.

सूर्यकांत


हिंगोली, ता. ५ डिसेंबर १९३८

विश्वंभरराव यांस,

तुमचं कार्ड मिळालं. मजकूर चार ओळींचा आणि चारही ओळी प्रश्नांच्या. बरगड्या मोजता येत होत्या असं प्रेमा म्हणते, त्या का? तोंडावर फोड कसले? पथ्य कोणतं? मोडलं कोणी? शेवटी नाव नाही, नमस्कार नाही. असं पत्र मी कोर्टात आरोपीलाही जाताना पाहिलेलं नाही. तरी उत्तर देतो.

आषाढापासून नर्मदेला झोप नव्हती. आरडाओरडा नाही, रडणं नाही. सगळे निजले की उठायची, उतरंडीची गाडगी चाचपायची, दाराची कडी बघायची आणि माझ्या उशाशी येऊन उभी राहायची. मी दचकून विचारायचो, काय पाहिजे? "काही न्हाई. तुमाला झोप कशी लागते ते बघून राहिले." दिवसा ती भिंतीला टेकून बसे. वेणी घालणं सोडलं, अंगावरचं लुगडं तीन-तीन दिवस तेच. मी दिवसभर कोर्टात मराठी अर्जांचा उर्दूत तर्जुमा करतो. डोळे तांबारलेले असले की चूक होते. भाद्रपदात मुन्सिफसाहेबांनी मला सगळ्यांसमोर बोल लावला. त्या संध्याकाळी मी डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टर हैदराबादचे, वयस्क, उर्दूच बोलतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पहले नींद. नींद आ गई तो दिल आप ही सँभल जाएगा. दिल टूटने से नींद जाती है, और नींद जाने से दिल और टूटता है." मला ते पटलं. बाटली दिली. पाण्यासारखं औषध, चवीला खारट, बाटलीला कागदाची दातेरी पट्टी चिकटवलेली. एक दात म्हणजे एका वेळचं, दिवसातून तीन दात औषध द्यायचं.

चौथ्या दिवशी ती ऊन अंगणात येईपर्यंत झोपली. उठली तेव्हा चेहरा ओळखीचा वाटला. पंधरा दिवस फार बरे गेले. प्रेमाची वेणी घातली, दळण निवडलं. एकदा गंगूताई म्हणाली, "नर्मदे, तुझ्या नवऱ्याच्या घोरण्यानं आड्यावरची मांजर पळाली," तर हसलीसुद्धा. मग झोप वाढत गेली. ताटावर बसल्या बसल्या डोळा लागायचा, घास हातात तसाच. मी पुन्हा डॉक्टरांकडे गेलो, एकटाच. त्यांनी खुराक निम्मा करायला सांगितला. तसं मी घरी सांगितलं, तसं केलं गेलं.

तरी झोप कमी झाली नाही. तोंडावर, पाठीवर फोड आले. गंगूताईनं मीठ-तिखट बंद करून अळणी सुरू केलं. तेच पथ्य. बोलताना जीभ अडखळू लागली, लाळ गळू लागली. तोंडाला वास यायचा. तो कसा होता ते लिहीत नाही, पण अजून घरातल्या पितळी तांब्याला तो येतो असं मला वाटतं आणि मी ओंजळीनं पाणी पितो. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला गंगूताईनं तिला पाटावर बसवून उटणं लावलं, ती बसल्या जागी झोपेत कलंडली. मी माझी खाट ओसरीवर नेली होती.

पथ्य कोणी मोडलं ते विचारू नका. मोडलं गेलं.

प्रेमाला पाठवण्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाही. मी नाताळच्या सुटीत येतो.

सूर्यकांत


हिंगोली, ता. १२ जानेवारी १९३९

विश्वंभरराव यांस,

सुटीत आलो नाही. तुमच्या उंबऱ्यावर उभं राहून मुलगी मागायची आणि तुम्ही आतून नाही म्हणायचं, हे मला जमणार नाही.

परवा एक झालं ते कळवणं भाग आहे. दवाखान्याचा कंपाउंडर चाँद पाशा घरी आला. सप्टेंबरअखेर तो रजेवर वारंग्याला, आपल्या गावी, गेला होता. आईच्या दुखण्यानं तिथेच अडकला आणि आता परतला. त्याच्या जागी दुसरा माणूस बाटल्या भरत होता आणि आमच्या घरी लालसिंग त्या पोचवत होता. चाँद पाशा समाचाराला आला आणि जाता जाता रिकाम्या बाटल्या असल्या तर द्या म्हणाला, दवाखान्यात तुटवडा आहे. गंगूताईनं कोनाड्यातून काढून ओळीनं मांडल्या. त्यानं त्या मोजल्या.

"इत्ते कैसे, साब? डाक्टरसाब तो आधी खुराक बोले थे. मेरे सामने बोले."

मी म्हणालो, अर्धीच दिली.

"आधी दिए तो इसके आधे रहना ना."

आतून गंगूताई म्हणाली, "निम्मा म्हंजे बराबर निम्माच दिला मी. एक भाकर खायची, तिथं अर्धी केली. दुधाची वाटी होती तिची अर्धी वाटी केली. औषध तं पुरं दिलं बापा, एक येळ चुकवली न्हाई. झोपली असली तरी उठवून पाजलं."

चाँद पाशा आधी समजलाच नाही. मग समजला आणि खालीच बसला. "अम्मा, खुराक बोले तो दवा का एक वक्त. खाना नै." मग त्यानं विचारलं, "और नमक? नमक तो खाते थे?" गंगूताईनं अळण्याचं सांगितलं. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "ये दवा कू नमकच काटता. नमक बंद, खाना बंद, तो दवा बदन में बैठ जाती. फिर आदमी सोताच रहता. फोड़े आते, ज़बान मोटी होती. सूरत ऐसी होती जैसे पहले से ज़्यादा ग़म में है. लोगाँ समझते बीमारी बढ़ी, और पिलाते." बाटल्या न घेताच गेला.

म्हणजे असं झालं. उर्दूत खुराक म्हणजे औषधाची एक वेळ, आणि आमच्या बायकांच्या लेखी खुराक म्हणजे पैलवानाचा खुराक, बाळंतिणीचा खुराक, खाणं. मी डॉक्टरांचा शब्द जसाच्या तसा घरी आणला. एका अडाणी बाईनं त्याचा भलता अर्थ केला. जिच्या मरणाला लोक पुण्यवान म्हणतात ती बाई अर्ध्या भाकरीवर आणि पुऱ्या औषधावर मेली. मला माझ्या घराची, त्या चुलीची, त्या नेमाची किळस येते. वेळ चुकवली नाही म्हणे!

गंगूताई चुलीपाशी बसून राहिली. मी तिला काही बोललो नाही. या आठवड्यात तिला सेनगावला तिच्या दिराकडे पोचवतो. आता ज्या माणसामुळे हे झालं ते माणूस घरात राहणार नाही. तेव्हा प्रेमाला पाठवायला तुमची हरकत नसावी. स्वयंपाकाला बाई ठेवीन.

सूर्यकांत


हिंगोली, ता. १९ फेब्रुवारी १९३९

विश्वंभरराव यांस,

तुमचं पत्र काल दुपारी कोर्टात आलं. मी ते तर्जुम्याच्या कागदांखाली ठेवून वाचलं आणि तब्येतीचं निमित्त सांगून घरी आलो.

आधी हे वाचा, बाकीचं नंतर. मामीच्या काळजीनं आशाबाई प्रेमासाठी डॉक्टरकडून झोपेचं औषध आणणार आहेत असं तुम्ही लिहिता. आणू नका. आणलं असेल तर देऊ नका. औषध वाईट आहे म्हणून नव्हे. वाशीमचे डॉक्टर शहाणे असतील. पण तिची झोप का गेली ते तुम्हाला ठाऊक नाही, आणि मला आहे. आम्ही नर्मदेला निजवलं तसं तिला निजवून टाकू नका.

तुम्ही लिहिता, ती अळणी जेवते. भाजी धुऊन खाते. ताटात मीठ वाढलं की ताट सारते. अंथरुणात बसून असते, झोप म्हटलं की भिते. आशाबाईंनी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "मी आईचं पथ्य मोडलं." हे तिला कुठून कळलं, असं तुम्ही विचारता. नोव्हेंबरातलं माझं पत्र तुम्ही घरात मोठ्यानं वाचलंत असं तुम्हीच लिहिता, सगळे बसले होते. त्यात मी लिहिलं होतं, पथ्य मोडलं गेलं आणि दुखणं उलटलं. तिनं ते ऐकलं.

ते खोटं होतं. असं कोणा डॉक्टरनं मला सांगितलं नव्हतं. त्या पत्रात घालायला मला एक कारण पाहिजे होतं, ते सापडलं.

कुठे सापडलं तेही लिहितो. कोजागिरीनंतरचे दिवस. नर्मदेचं अळणी सुरू होतं. ती खुणेनं मीठ मागायची, गंगूताई द्यायची नाही. प्रेमानं शाळेतून आल्यावर चिमटीत मीठ नेऊन आईच्या जिभेवर ठेवायला सुरुवात केली. पाच-सहा दिवस हे चाललं. मला ठाऊक होतं, मी ओसरीवरून पाहिलं होतं. त्या दिवसांत नर्मदा तांब्या तांब्या पाणी प्यायची आणि दुपारची तासभर उठून बसायची. एकदा तिनं प्रेमाला विचारलं, "शाळेत आज काय शिकवलं गं?" शब्द स्वच्छ होते. मला वाटलं, औषधाचा गुण येतो आहे. मग एके दिवशी गंगूताईनं पाहिलं. प्रेमाचा हात उलट्या पळीनं हाणला आणि ओरडली, "पथ्य मोडतीस? मारतीस का काय आईला?" मी जोडे घालत होतो. त्यानंतर दोन आठवड्यांनी नर्मदा गेली.

ते वाक्य मी उचललं. अकरा वर्षांच्या पोरीला हाणताना बहिणीनं रागाच्या भरात म्हटलेलं वाक्य मी कोर्टाच्या वळणदार अक्षरात लिहून तुम्हाला पाठवलं. घरात नर्मदेला बरोबर औषध देणारं एकच माणूस होतं. त्याच्यावर मी ते घातलं. नाव घातलं नाही एवढाच माझा शहाणपणा.

आता गेल्या पत्रातलं खोटं. मी लिहिलं, डॉक्टरांचा शब्द जसाच्या तसा आणला. नाही आणला. डॉक्टर म्हणाले होते, "खुराक आधी कर दो, और हफ़्ते भर में बीबी को ला के दिखाओ." उर्दूत ती खुराक, म्हणून आधी; मराठीत तो खुराक, म्हणून निम्मा. मी घरी येऊन म्हणालो, "खुराक निम्मा करायला सांगितलाय." 'निम्मी' म्हणालो असतो तर गंगूताईला शब्द वेगळा लागला असता, तिनं विचारलं असतं. मी त्याला मराठी करून टाकला. मराठी झाल्यावर त्याचा अर्थ खाणं. वहिवाट या शब्दाला उर्दूत काय लिहावं म्हणून मी कोर्टात अर्धा दिवस घालवला आहे. इथे मला जेवून परत कचेरी गाठायची होती.

आणि गंगूताईनं विचारलंच. "खाण्याचा का रे, सूर्या?" मी म्हणालो, "हो, हो." विचारलेलं कानात शिरलं नव्हतं, असं मी तीन महिने स्वतःला सांगतो आहे. पण नंतर रोज ताट पाहिलं ना? अर्धी भाकर आणि त्याच्या शेजारी औषधाची पुरी भरलेली वाटी, दोन्ही एका पाटावर. मला उर्दू येतं, मराठी येतं आणि डोळे आहेत. तिला डॉक्टरकडे दाखवायलाही नेलं नाही. लालसिंगबरोबर चिठ्ठी पाठवली, बाई बरी आहे, झोपते. ती झोपत होती. घरात कोणी फिरत नव्हतं, माझ्या उशाशी कोणी उभं राहत नव्हतं. मी बायकोसाठी डॉक्टरकडे गेलो असं तुम्हाला भासवलं आहे. मी माझ्या झोपेसाठी गेलो होतो. ती मला मिळाली, अजून मिळते आहे. सकाळी जाग आल्यावर आधी एक क्षण अंग हलकं असतं. त्या हलक्या अंगाची मला ओकारी येते.

गंगूताईला मी काही बोललो नाही असं लिहिलं तेही खोटं. चाँद पाशा गेल्यावर तिनं विचारलं होतं, "मंग मी मारली का रे तिला?" मी म्हणालो, "तूच."

आज पहाटे निघून मी सेनगावला जाऊन आलो, हे पत्र लिहिण्याआधी. ती दिराच्या परसात तुरीच्या शेंगा सोलत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, सोलणं थांबवलं नाही. मग म्हणाली, "महिना झाला, मी एका येळेला जेवून राहिले. जाऊबाई म्हणते, उपास कशाचा गं, कोन्त्या देवाचा? तिला काय सांगू? आणि तू आता येऊन राहिला." मी घरी चल म्हणालो. "न्हाई येत. सैपाक शीक. आणि ते लेकरू माझ्या हाताचा मार खाऊन गेलं, त्याला आधी सांग. मला सांगून काय व्हतंय?"

म्हणून हे पत्र तुम्ही प्रेमाला वाचून दाखवा. पहिलं जिथे वाचलंत तिथेच, तेवढ्याच लोकांसमोर, तेवढ्याच मोठ्यानं. आशाबाई असू द्या. ती मध्येच उठून गेली तर जाऊ द्या, पण ती येईल तेव्हा राहिलेलं पुरं करा. तिला हे नीट समजलं पाहिजे की मीठ बरोबर होतं. चाँद पाशाचं बोलणं मी जानेवारीच्या पत्रात लिहिलं आहे ते तिला दोनदा वाचा.

तिला पाठवा असं आता म्हणत नाही. याहून जास्त सांगण्यासारखं माझ्याजवळ काही उरलेलं नाही.

सूर्यकांत


हिंगोली, ता. ८ मार्च १९३९

चि. प्रेमास,

तुझ्या मामांचं पत्र आलं. तू सगळं ऐकून घेतलंस, उठून गेली नाहीस, असं त्यांनी लिहिलं आहे. दुसऱ्या दिवशी मामीच्या ताटातली भाजी मीठ घातलेली खाल्लीस, खूप रडलीस आणि दुपारी जी झोपलीस ती दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर उठलीस. मामी घाबरून घटकेघटकेला तुझ्या नाकाशी बोट धरून बघत होती म्हणे. तिला सांग, अशी झोप वेगळी असते. तुझ्या आईला पहिल्या पंधरा दिवसांत तशीच यायची. त्यानंतर आली ती झोप नव्हती. त्या दोहोंतला फरक आमच्या घरात फक्त तुला कळला होता.

मामा लिहितात, प्रेमा म्हणते मी इथेच राहीन. ठीक आहे. तुझे कपडे आणि पाटी लालसिंगबरोबर पाठवतो आहे. तुझी आत्या सेनगावलाच आहे. तिनं विचारलं आहे की तुझ्या हाताचा वळ किती दिवस राहिला होता. तुला वाटलं तर तिला लिही, नाही वाटलं तर लिहू नकोस. मला भेटायचं असेल तर मी येईन. नसेल तर येणार नाही, आणि त्यासाठी मामांना काही विचारणार नाही.

इथे सध्या जिकडेतिकडे हळद शिजवतात. त्या वासानं पूर्वी मला भूक लागायची. आता लागत नाही, पण मी दोन्ही वेळा जेवतो. स्वतः करतो. भाकरी थापता येत नाही, जाड होते.

मामांच्या पत्रामागे तुझ्या हातची एक ओळ आहे. तेवढाच एक प्रश्न तू मला विचारला आहेस. आईला भूक लागायची का?

मामांना मी लिहिलं होतं की सांगण्यासारखं आता काही उरलेलं नाही. हे उरलं होतं.

हो. लागायची. अर्धी भाकर संपली की ती ताटात बोट फिरवायची आणि म्हणायची, "अजून द्या ना." जीभ जड झाल्यामुळे ते बरळल्यासारखं ऐकू यायचं. तुझ्या आत्याला वाटायचं, झोपेत काहीतरी बोलते आहे. ती ताट उचलायची.

मी ओसरीवर असायचो. मला ते कळायचं.

तुझा बाप